लिस्बन : सर्व संतांच्या सणाची ती सकाळ

पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक युवा दिन साजरा झाला. परमगुरू फ्रान्सिस ह्यांच्या सान्निध्यात लाखो तरुण टॅगस नदीच्या काठी जमले होते. संत अंतोनी ह्यांचे जन्मस्थान (पदुआचे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते मूळचे लिस्बनकर!) आणि संत फ्रान्सिस झेवियर १५४१ साली ज्या बंदरातून भारताकडे निघाले ते शहर, एवढी लिस्बनची ओळख आपल्या भाविकांना असते. ह्या शहराचे आजचे रूप मात्र एका सकाळीने घडविले आहे. तिच्याविषयी आम्हांला थोडे सांगावयाचे आहे.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चेस भाविकांनी भरलेली होती, वेदीवर मेणबत्त्या तेवत होत्या. अशा वेळी भूकंप झाला. काही मिनिटांत छपरे कोसळली. वाचलेले लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तर तेथे थोड्याच वेळात सुनामीच्या लाटा आल्या. मेणबत्त्या आणि चुली ह्यांनी लागलेली आग पुढे अनेक दिवस विझली नाही. राजवाडा, त्यातील ग्रंथसंग्रह, त्याच वर्षी उघडलेले ऑपेरागृह, सर्व संतांच्या नावाचे मोठे रुग्णालय, सारे गेले. मृतांच्या संख्येबाबत इतिहासकारांचे एकमत नाही. ती हजारोंच्या घरात होती एवढे निश्चित. कार्मो मठाच्या चर्चचे छप्पर पुन्हा पूर्ण बांधलेच गेले नाही. आजही त्याच्या कमानी उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत.

राजे जुझे पहिले ह्यांनी तर दगडी छताची धास्तीच घेतली आणि पुढे लाकडी महालात वास्तव्य केले. शहराची उभारणी त्यांचे मंत्री, पुढे पोंबालचे मार्क्विस झालेले सेबाश्तियांव जुझे, ह्यांनी हाती घेतली. सखल भागात सरळ, रुंद रस्ते आखले गेले. नव्या घरांच्या भिंतींत लाकडी सांगाडा बसविला, जेणेकरून हादरा बसला तरी घर तग धरील. पोर्तुगीज त्याला ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, म्हणतात.

पण सणाच्या दिवशी, चर्चमध्येच भाविक का मरावेत? हा प्रश्न तेव्हा सर्वांच्या ओठी होता. येशूसंघाचे फादर गाब्रिएल मालाग्रिदा ह्यांनी १७५६ साली पुस्तिका काढून हे पापाचे शासन आहे असे सांगितले. आम्हांला त्यांचे म्हणणे पटत नाही. परंतु त्यांच्याशी जे घडले तेही पटत नाही. १७५९ साली येशूसंघीयांना पोर्तुगीज राज्यातून हद्दपार करण्यात आले, गोव्यातील फादरांनाही धरून जहाजांनी लिस्बनला नेले गेले. वृद्ध मालाग्रिदांना १७६१ साली इन्क्विझिशनने पाखंडी ठरविले. शहराच्या चौकात गळा आवळून त्यांना ठार करण्यात आले व देह जाळण्यात आला.

ह्याच काळात धर्मगुरूंकडून आणखी एक काम झाले, त्याची चर्चा कमी होते. १७५६ च्या आरंभी सरकारने देशभर एक प्रश्नावली धाडली आणि ठिकठिकाणच्या धर्मग्रामांच्या फादरांनी तिची उत्तरे लिहिली. धक्का किती वेळ टिकला? कोणत्या दिशेने जोर अधिक जाणवला? समुद्र आधी ओसरला की चढला? विहिरींच्या पाण्यात काही फरक पडला काय? किती माणसे दगावली? त्यांनी जे पाहिले ते लिहून कळविले. त्यांपैकी पुष्कळ उत्तरे लिस्बनच्या तोरे दो तोम्बो ह्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जपलेली आहेत, आणि त्या भूकंपाची तीव्रता कोठे किती होती हे ठरविताना भूकंपशास्त्रज्ञ त्यांचाच आधार घेतात.