सिंधूकाठची शिकवणी

आमच्या घरी इंग्रजीला फारसा मान नव्हता. ग्वाल्हेर संस्थान १९४८ साली विलीन झाले. त्यापूर्वीची दोन-तीन वर्षे काय ती वडिलांना दरबारी गवई म्हणून लाभली. मी त्यांच्या उतारवयातले शेंडेफळ. ‘आपली पाटी म्हणजे आपला गळा’ असे ते म्हणत. परिणामी माझा गळा तयार झाला, आणि इंग्रजीत मी काठावर पास होत आलो. अशा माणसाला लडाखात इंग्रजी शिकवायला बोलावणे यावे, हा दैवाचा विनोदच म्हणायचा!

बोलावणारी आमच्या लष्करातली, शेजारच्या वाड्यातली मुलगी. लेहला नोकरीला असते. तिच्या ओळखीची तरुण मंडळी शाम भागातल्या एका खेड्यात मुलांसाठी उन्हाळी शिबीर भरवीत होती. मी म्हटले, “अगं, मी गाण्याचा मास्तर. व्याकरणात माझाच सूर लागत नाही.” ती म्हणाली, “काका, व्याकरण त्यांना येतं. तोंड उघडत नाही. तुम्ही नवशिक्यांची भीती घालवता ना, तेवढंच करा.”

या भीतीला इतिहास आहे. घरची भाषा लडाखी. सरकारी शाळेत मात्र एके काळी आठवीपर्यंत उर्दू माध्यम आणि नववीला एकदम इंग्रजी. शंभरातली सुमारे पंच्याण्णव मुले दहावीला नापास होत. १९८८ साली लडाखी विद्यार्थ्यांनीच ‘सेकमोल’ ही संस्था काढली. १९९४ पासून सरकार व गावकरी यांना बरोबर घेऊन तिने शाळा सुधारण्याचे काम हाती घेतले, तेव्हा चित्र पालटू लागले. शिवाय १९७४ मध्ये लडाख परदेशी प्रवाशांना खुले झाल्यापासून इंग्रजी ही तिकडे परीक्षेबरोबर पोटाचीही भाषा झाली आहे.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंच. विमानातून उतरल्यावर दोन दिवस स्वस्थ पडून राहावे लागते. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या कडेकडेने त्या खेड्यात पोहोचलो. हिरवे जवाचे शेत, पिकू लागलेले जर्दाळू आणि भोवती उघडेबोडके डोंगर. पहिल्या तासाला मी फळ्यावर वाक्ये लिहिली. मुलांनी ती मोत्यासारख्या अक्षरात उतरवून घेतली. वाचायला सांगितले, तर सगळे चिडीचूप. मग वेळ मारून नेण्यासाठी मी षड्ज लावला. चार क्षणांत श्वास संपला! विरळ हवेने गवयाची फजिती केली, आणि मुले खो खो हसली. त्या हसण्याने माझी शिकवणी सुरू झाली.

खडू ठेवून दिला. गाणे शिकवतो तसे, आधी कान, मग तोंड, शेवटी पाटी, या क्रमाने चाललो. इंग्रजी शब्दात एका अक्षरावर आघात पडतो. तीच त्याची सम. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफी’त सरकून दुसऱ्यावर. हे व्याकरणातून सांगायला पाऊण तास लागला असता. टाळी देऊन पाच मिनिटांत झाले. मी एक वाक्य टाकायचे, मुलांनी ते उचलून परत करायचे.

एक दहा वर्षांची मुलगी तेवढी टाळी द्यायची, बोलायची नाही. एके दिवशी शेतात याक आणि गाय यांच्या संकरातले जनावर दिसले. त्याला तिकडे ‘जो’ म्हणतात. त्यातला ज आपल्या ‘जोर’मधला. आपला ‘चमचा’तला चही त्यांच्या भाषेत आहे. मी सहज मराठी ज लावून तो शब्द उच्चारला, आणि ती चमकली. हिंदीभाषक पाहुण्यांच्या तोंडी तो नीट बसत नसावा. मग तिने मला आणखी एक शब्द दिला. तो मला जमेना. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “नो सर, नॉट लाइक दॅट. मोर स्मॉल.” मी तिचे व्याकरण सुधारले नाही. मुकाट्याने शब्द पुन्हा म्हटला. तिने आणखी दोनदा दुरुस्त केला, आणि त्या दिवसापासून ती बोलू लागली.

त्या रात्री मला झोप आली नाही. वाचकहो, एक गोष्ट कबूल करतो. आमचे चिरंजीव ‘चांगला’ म्हणताना हिंदीतला च लावतात. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत हेच आहे. दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांदेखत मी त्याची नक्कल करून दाखवली होती. सगळे हसले, तोही हसला. तेव्हापासून तो माझ्याशी हिंदीतच बोलतो. परक्या मुलांची भीती घालवायला मी डोंगर ओलांडून गेलो. घरच्या मुलाला ती मीच घातली होती.

पंधरा दिवसांच्या पाहुण्याने कोणाला भाषा येत नाही, हेही सांगितले पाहिजे. वर्षभर खपतात ते तिथलेच शिक्षक. ज्यांना असे जायचे असेल त्यांनी त्यांना विचारून जावे, त्यांच्या शेजारी बसावे, आणि त्यांची भाषा चार शब्द तरी शिकावी. शिकणारा मास्तर दिसला की मुलांना चुकण्याची लाज उरत नाही.

परत आल्यावर मी मुलाची माफी मागितली. हे काम मला अकरा हजार फुटांवरच्या षड्जाहून जड गेले. त्याला म्हटले, “तुझ्या मोबाइलमधलं मला काही येत नाही, शिकव.” परवा तो शिकवता शिकवता म्हणाला, “बाबा, असं नाही, हे चुकीचं आहे.” च हिंदीच होता. वाक्य मात्र मराठी होते. मी पुन्हा प्रयत्न केला.