केमो सुरू असताना रुग्णाला खायला काय द्यायचं?

कल्याण ते परळ साधारण ४५ किलोमीटर. सकाळच्या केमोसाठी टाटा रुग्णालयात पोचायचं म्हणजे पहाटेची लोकल, पोटात जेमतेम चहा-बिस्कीट आणि घरी परतायला संध्याकाळ. डोंबिवली-ठाण्याहून जाणाऱ्यांचंही फार वेगळं नाही. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण ती घरच्या ताटापर्यंत येत नाही. रेशनवर नियमित मिळतो तो मुख्यतः तांदूळ-गहू. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात. कॅन्सरच्या रुग्णासाठी केंद्राचा तसा भत्ता नाही.

आणि खाणं कमी पडलं की त्याचा फटका थेट उपचाराला बसतो. वजन उतरत गेलं तर शरीराला केमो झेपत नाही, डोस कमी करावा लागतो किंवा तारीख पुढे जाते.

मग महागडी प्रोटीन पावडर घ्यायची का? प्रत्येकाला लागेलच असं नाही. कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. दोन अंडी, अर्धा लिटर दूध, मूठ-दीड मूठ शेंगदाणे आणि वाटीभर घट्ट वरण यांतून पन्नासच्या आसपास जमतात, पोळी-भाताची वेगळी. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.)

आपल्याकडे तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर खूप. तोंड आलेलं असलं, गिळता येत नसलं की घरचे पेज देतात. पण पातळ पेजेत बहुतेक पाणीच असतं. पोट भरतं, अंगी काही लागत नाही. त्याच पेजेत दूध पावडर, भाजलेल्या शेंगदाण्यांचा बारीक कूट, चमचाभर तूप घाला. शेंगदाणे खवट किंवा बुरशी आलेले मात्र नकोत.

‘साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो’ हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल. तसं होत नाही. मधुमेह नसलेल्या रुग्णाचं दूध-साखर-भात सगळं तोडलं तर उपाशी राहतो तो रुग्णच.

केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्ग पटकन होतो. म्हणून स्टेशनबाहेरची कापलेली फळं, चटणी, सरबत टाळा. घरून पूर्ण उकडलेली अंडी (सकाळीच संपवायची), केळी, राजगिऱ्याचे लाडू, उकळून गार केलेलं पाणी न्या. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सर रुग्णांना बसता येतं. कागदपत्रं जवळ असू द्या. तिथे शांतपणे दोन घास तरी खाता येतात.

दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा. किराणा दुकानातला काटाही चालेल. आकडा तारखेसह फाइलवर लिहा. सहा महिन्यांत ६० चे ५७ झाले, तरी पुढच्या तारखेची वाट न बघता आहारतज्ज्ञांना भेटा. आणि खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात ती स्पष्ट सांगा. औषधांसाठी मदत मागतो, तशीच खाण्यासाठीही मागता येते.