माय-लेकींतली केंद्रकाची वाटणी

यीस्टच्या पेशीचे दोन सारखे तुकडे होत नाहीत. तिला कलिका फुटते, वाढते आणि सुटी होते. म्हणून एक माय, दुसरी लेक. १९५९ साली मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक लेक आईपासून वेगळी काढत मोजदाद ठेवली. वीस-पंचवीस लेकी झाल्या की माय थकते. लेकीचे आयुष्य मात्र बहुधा पहिल्यापासून सुरू होते. मग म्हातारपण आईकडेच कसे राहते?

पहिला दुवा १९८३चा. मरे आणि शोस्टॅक यांना दिसले, की गुणसूत्रबिंदू नसलेली डीएनएची वर्तुळे बहुतेक आईकडेच राहतात. १९९७ साली सिंक्लेअर आणि ग्वारेंटे यांनी दाखवले, की रायबोसोमच्या जनुकांच्या रांगेतून अशी वर्तुळे सुटतात आणि म्हाताऱ्या आईत शेकड्यांनी साचतात.

ती अडतात कुठे? विभाजनात यीस्टचे केंद्रक विरघळत नाही. ते कलिकेच्या मानेशी सरकते, लांबट होते, अर्धे पलीकडे जाते आणि मग मधोमध तुटते. २००८ मध्ये झुरिचच्या बराल गटाने याच मानेवर बोट ठेवले: तिथे केंद्रकाच्या बाहेरच्या पटलात सेप्टिन प्रथिनांच्या जोरावर अडसर उभा राहतो, जुनी केंद्रकरंध्रे, म्हणजे पटलातली ये-जा करायची दारे, अलीकडे आईकडे अडकतात आणि वर्तुळेही त्यांच्यासोबत.

उत्तर नीटनेटके होते, पण टिकले नाही. २०१०मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी जुनी रंध्रेही लेकीकडे जातात, असा आक्षेप घेतला. २०१३ साली दोन गटांनी ही रंध्रे लेकीपर्यंत पोचायला एनएसपी-१ हे प्रथिन लागते, असे दाखवले. २०१४मध्ये बराल गटानेच सुधारित चित्र मांडले: ‘सागा’ हा प्रथिनसमूह वर्तुळांना रंध्रांशी बांधतो आणि अशी ओझेवाली रंध्रे मागे राहतात.

म्हणजे जुने ते आईचे, नवे ते लेकीचे, असा सरळ हिशेब नाही. विभाजनात गुणसूत्रे ओढून वाटणाऱ्या तर्कूच्या दोन ध्रुवांपैकी जुना ध्रुव सहसा लेकीलाच मिळतो, हे २००१पासून ठाऊक होते. रंध्रांची वाटणीही वयावर नाही, ओझ्यावर ठरते.

बीजाणू बनताना तर एका पेशीच्या पोटात चार नवी केंद्रके तयार होतात, ओझे सांभाळायला माय उरतच नाही. २०१९मध्ये बर्कलीतल्या उनाल यांच्या गटाने पाहिले, की तेव्हा वर्तुळे, जुनी रंध्रे असा जुना माल चारही नव्या केंद्रकांबाहेर ठेवला जातो आणि पेशीची पाचक पिशवी, म्हणजे रिक्तिका, फुटली की नष्ट होतो.