नशेत सुचलेल्या कल्पनेची पारख

नशेने प्रतिभा खुलते, ही समजूत कला-साहित्यात रमणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये जुनी आहे. नव्या कल्पनांची आणि संवेदनांची ओढ असणाऱ्या स्वभावाला मानसशास्त्रात ‘अनुभवांविषयीचा खुलेपणा’ म्हणतात. हा स्वभाव सर्जनशील कामाशी निगडित असतो तसाच गांजा ओढून पाहण्याशीही, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्यात आढळल्या तरी एक दुसरीचे कारण ठरत नाही.

प्रयोगशाळेत सर्जनशीलतेची दोन अंगे वेगळी मोजली जातात. विटेचे जितके निरनिराळे उपयोग सुचतील तितके सांगणे हा अपसारी विचार होय, तर दिवा, शेंगदाणा आणि डोके यांना जोडणारा ‘तेल’ हा शब्द शोधणे हा अभिसारी विचार होय. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगात, गांजा नियमित घेणाऱ्या ५४ जणांपैकी ज्यांना टीएचसी या गांजातील मुख्य मादक द्रव्याची २२ मिलिग्रॅम मात्रा मिळाली, त्यांचा अपसारी विचार स्पष्टपणे खालावला, तर ५.५ मिलिग्रॅम घेणारे आणि टीएचसीविरहित गांजा घेणारे यांच्यात फरक पडला नाही.

मद्याचे चित्र थोडे वेगळे आहे. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात २०१२ मध्ये, रक्तातील मद्याचे प्रमाण सुमारे ०.०७५ टक्के असलेल्या तरुणांनी जोडणारा शब्द शोधण्याची अभिसारी शब्दकोडी अधिक संख्येने आणि लवकर सोडवली; अवधानावरची पकड सैल झाली की दूरचे शब्दसंबंध सहज जुळतात, हे त्याचे कारण असावे. मात्र ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात सौम्य मद्यपानानंतर शब्दकोड्यांत असाच लाभ दिसूनही अवधानाचे नियंत्रण घसरले आणि अपसारी विचारात काहीच भर पडली नाही.

सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष अमेरिकेतील २०२२ च्या अभ्यासाचा मानावा लागेल. नुकताच गांजा घेतलेली माणसे अधिक प्रफुल्लित होती आणि स्वतःच्याच नव्हे, इतरांच्याही कल्पना त्यांना अधिक सर्जनशील वाटल्या. तटस्थ परीक्षकांना मात्र त्यांच्या कल्पनांत काहीही विशेष आढळले नाही. सर्जनशील कामात सुचण्याइतकेच महत्त्व सुचलेल्यातून निवडण्याला आणि टाकून देण्याला असते, आणि ही पारख विशीतल्या विद्यार्थ्यात अजून घडत असते. म्हणूनच ‘गांजा ओढला की चांगले सुचते’ ही त्याची प्रामाणिक साक्षदेखील पुरावा म्हणून धरता येत नाही, कारण ‘चांगले’ ठरवणारे मनही त्या वेळी त्याच अमलाखाली असते.