थप्पी उघडण्याची सकाळ
बियाण्यापासून रोपापर्यंत : भाग ५

डिसेंबरच्या शेवटी पहाटे साडेपाचला बोअर सुरू केला की पाइपाच्या तोंडाशी वाफ दिसते. पाणी हाताला कोमट लागतं. त्याच वेळी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला तर बोटं बधिर होतात. पाणी त्याच बोअरचं, पण हे जमिनीच्या पोटातून आत्ता निघालेलं आणि ते रात्रभर उघड्यावर पडलेलं. मागच्या भागात कोकोपीट धुऊन भिजवायचं सांगितलं, तेव्हा कोणत्या पाण्यानं ते लिहायचं राहून गेलं. हिवाळ्यात ते ताज्या बोअरच्या पाण्यानंच भिजवावं.

आपल्या जालन्यात काही बर्फ पडत नाही. दुपारी स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. म्हणून तर दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, "एवढं ऊन पडतंय, मग मिरची उगवंना कशी?" उगवत नाही, कारण बियाचा संबंध दुपारच्या उन्हापेक्षा त्याच्या अंथरुणाशी जास्त. पहाटे पारा १० अंशांच्या आसपास येतो, आणि ओल्या ट्रेमधलं पाणी उडत राहिल्यानं तो ट्रे भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. माठ गार होतो तसाच.

आकडे पाहिले की हे लगेच पटतं. मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत साधारण ८ दिवसांत वर येतं, २० अंशांत १३ दिवस घेतं, १५ अंशांत २५. सतत १० अंश मिळाले तर येतच नाही. टरबूज आणखी नाजूक : ३० अंशांत ४ दिवस, २० अंशांत १२, आणि १५ला ते हलतही नाही. याउलट कोबी १० अंशांतही पंधरवड्यात उगवते. म्हणून कोबी-कांद्याचं रोप पूर्वीपासून बाहेर गादीवाफ्यावर होत आलं. मिरची-टरबुजाला मात्र या दिवसांत घरात घ्यावं लागतं.

हे ध्यानात न घेतल्यानं शिव्या खातं ते पाकीट. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी उभी केली ती याच जालन्यात, आणि १९९८ सालचा 'वर्ल्ड फूड प्राइझ' हा जागतिक पुरस्कारही त्यांना मिळाला. अशा गावात बियाण्यावर वाद चहाच्या टपरीवरही होणारच. वाद व्हावेतच. पण पंचविसाव्या दिवशी उगवणारं बी आठव्या दिवशी उकरून "बोगस निघालं" म्हणणारेही मी पाहिलेत.

टरबुजाचा तिढा आणखी वेगळा आहे. रमजानच्या बाजारात ते जावं, असं प्रत्येकाला वाटतं, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. लागवडीनंतर सव्वादोन-अडीच महिने आणि ट्रेमधले दोनेक आठवडे असा हिशेब उलटा मोजत गेलं, की अलीकडे बी ऐन थंडीतच भिजवावं लागतं. पूर्वी संक्रांतीनंतर सावकाश होणारं काम आता संक्रांतीच्या कितीतरी आधी येऊन ठेपलं आहे.

तर, थप्पी. ९८ किंवा १०४ खणांचे ट्रे भरायचे, बोटानं अर्धा सेंटिमीटर खळगा करायचा, खणात एक बी, वरून कोकोपीटची चिमूट. हलकं पाणी. मग असे आठ-दहा ट्रे एकावर एक रचायचे, वर एक रिकामा ट्रे पालथा घालायचा आणि सगळी चळत प्लास्टिकच्या कागदानं गुंडाळून वरून गोणपाट टाकायचं. ठेवायची कुठे, हे घराघरावर आहे. चुलीमागची भिंत उत्तम. गोठ्याचा कोपरा चालतो, जनावरांची ऊब असते. कडब्याच्या गंजीच्या आडोशालाही चालते, फक्त उंदरांचं भान ठेवावं. टरबुजाची बी त्यांना फार आवडते. शहरातल्या परसबागवाल्यांनी एखाददुसरा ट्रे फ्रिजच्या माथ्यावर ठेवावा. आमच्याकडे जुनी माणसं वेलभाज्यांचं बी ओल्या फडक्यात बांधून उकिरड्याच्या उबेत पुरत. मोड आला की लावत. युक्ती तीच, फक्त आता प्लास्टिक आलं.

आता मुद्द्याची गोष्ट. थप्पीत बियाला ऊब हवी असते, उजेडाशी त्याला देणंघेणं नसतं. कोंब वर आला त्या घडीला हे उलटतं : आता उजेड आधी, ऊब थोडी कमी असली तरी निभतं. हिवाळ्यातली बहुतेक रोपं थंडीनं नव्हे, हा पालट वेळेवर न ओळखल्यानं वाया जातात. मिरचीच्या थप्पीत पाचव्या दिवसापासून आणि टरबुजाच्या तिसऱ्यापासून रोज सकाळी मधला एक ट्रे ओढून बघावा. वरच्या ट्रेवर जाऊ नका, तो नेहमी मागं असतो. कोकोपीटला बारीक तडा आणि त्यात वाकलेला पांढरा कोंब, असं शंभरातल्या दहा खणांत दिसलं की थप्पी मोडायची. बाकीच्यांची वाट बघायची नाही.

मी एकदा बघितली होती. मार्गशीर्षातलं लग्न, दोन दिवस बाहेरगावी. परत येऊन कागद सोडला तर टरबुजाचे कोंब वरच्या ट्रेच्या बुडाला टेकून आडवे वाढलेले, बोटभर लांब, पिवळट, माना टाकलेले. उन्हात ठेवले, दुपारपर्यंत झोपले. सहा ट्रे उकिरड्यावर गेले.

आमचा एक भाचा अमेरिकेत मिनेसोटात असतो. बाहेर फूटभर बर्फ, आणि हा मार्चमध्ये तळघरात लवंगी मिरची पेरतो; खाली विजेची गरम गादी, वर ट्यूबलाइट. तिकडे शेवटचं दंव कधी गोठेल ते धरून उलटं मोजतात, आपण ऊन कधी भाजेल ते धरून. पारा पस्तिशीपार गेला की मिरची फुलं गाळायला लागते, म्हणून एप्रिलच्या आधी झाड भरलेलं हवं, म्हणजे लागवड फेब्रुवारीत आणि पेरणी डिसेंबरअखेर. भाच्याचीही रोपं पहिल्या वर्षी लांबोळकी झाली. फोनवर विचारलं तर कोंब आल्यावरही गरम गादी चालूच आणि दिवा दोन हात उंच! गादी बंद केली, दिवा वीतभर अंतरावर आणला, पुढची खेप नीट आली.

ट्रे पसरल्यावर सकाळचं ऊन लगेच दाखवावं. जाळी मात्र बारीक हवी, फुलकिडे आणि पांढरी माशी आत आली की बोकड्या रोपापासूनच सुरू होतो. रात्री तारेच्या कमानीवर प्लास्टिक ओढावं आणि नऊच्या सुमारास काढावं. विसरलात तर अकराला आत भट्टी होते. पाणी सकाळी नऊ-दहाला, संध्याकाळी कधीच नाही. रात्रभर ओल राहिली की बुरशी बुडाशी लागते आणि कालची ताठ रोपं सकाळी जमिनीलगत कोलमडलेली दिसतात. एका कोपऱ्यात तसं दिसलं तर तो ट्रे त्याच क्षणी बाजूला काढावा, औषध नंतर शोधावं.

टरबूज दोन खऱ्या पानांवर, पंधरा-अठरा दिवसांत लावायला येतं. मिरचीला या थंडीत ४५ दिवसही लागतात. मधल्या दिवसांत खत किती आणि कधी, ते पुढच्या आठवड्यात. तोवर एक रोप बुडाला धरून हलकेच उपसून बघा. पांढऱ्या मुळ्यांनी कोकोपीटचा गोळा आवळून धरला असेल तर ठीक. भुगा खाली गळला तर अजून आठवडा जाऊ द्या.