एकच दांडा, दोन कामे

२५ एप्रिल २००६ची पहाट. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात मेक्सिकोच्या सीमेवर टेहळणी करणारे ‘प्रिडेटर बी’ हे मानवरहित विमान नोगालेस गावाजवळ कोसळले. जमिनीवर कोणाला इजा झाली नाही. इंजिनात काही बिघाडही नव्हता. ते जमिनीवर बसलेल्या वैमानिकाच्याच हातून बंद झाले होते आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता! याच कुळातील ३१ विमाने घेण्याचा करार भारताने ऑक्टोबर २०२४मध्ये केला आहे, म्हणून ही जुनी हकिगत आपल्याही कामाची.

नियंत्रण कक्षात शेजारीशेजारी दोन कन्सोल होते, दिसायला सारखेच. एकावरून विमान चालवायचे, दुसऱ्यावरून कॅमेरा. पहिला कन्सोल गोठला, तेव्हा वैमानिकाने विमानाचा ताबा दुसऱ्यावर घेतला. मेख होती एका दांड्यात. कॅमेऱ्यासाठी तो मध्यावर ठेवला, की आत येणारा उजेड आहे तेवढाच राहतो; विमानासाठी मात्र तोच दांडा मध्यावर म्हणजे इंधन बंद. ताबा बदलण्याआधी दोन्हीकडचे दांडे जुळवून घ्यावेत, असे चेकलिस्टमध्ये होते. ते राहून गेले.

विमानात बसलेल्या वैमानिकाला इंजिन थांबल्याचे कानाला आणि पाठीला कळते. आवाज जातो, खुर्चीची थरथर थांबते. जमिनीवरच्या खोलीत यातले काहीच पोहोचत नाही. तिथे फक्त पडदे आणि आकडे. विमान खाली येताना दिसत होते, कारण दिसत नव्हते. वाहतूक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी मंडळाने २००७मध्ये २२ शिफारशी केल्या. इंजिन बंद पडले किंवा कन्सोल गोठला तर डोळ्यांना व कानांना पुरेसा इशारा मिळावा, महत्त्वाचा इशारा आधी यावा, ही त्यांतली एक.

‘मानवी चूक’ म्हणून फाइल बंद करणे सोपे असते. पण चूक होईल अशीच मांडणी असेल, तर दोष एकट्या माणसाचा कसा?

हे काही नवे ज्ञान नव्हे. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि मग वैमानिक पंखांचे फ्लॅप मिटवण्याऐवजी चाकेच मिटवून टाकत. मानसशास्त्रज्ञ आल्फोन्स चापानिस यांनी कॉकपिट पाहिले, तर दोन्ही कळा जवळजवळ आणि सारख्याच. त्यांनी चाकांच्या कळीला छोटे रबरी चाक बसवायला सांगितले, फ्लॅपच्या कळीला पाचरीसारखा तुकडा. मग अंधारातही बोटांना कळू लागले, आपण काय धरले आहे ते.