वजन कुठे टाकायचं?
विद्यापीठातलं बोलतं इंग्रजी : लेखांक 11

गटचर्चेत दुसऱ्याला न दुखावता मध्ये कसं शिरायचं, ते या आठवड्यात सांगणार होतो. ते पुढे ढकलतो. भिवंडीतल्या कामतघरहून एका वाचक मुलीचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. ती एम.कॉम.ला आहे. व्याकरण पक्कं, शब्दसाठाही चांगला. तरी गोदामांच्या कंपन्यांत मुलाखतीला गेली, की समोरचा माणूस सारखा ‘सॉरी?’ म्हणतो. अ‍ॅक्सेंटचा क्लास लावू का, असं ती विचारते.

माझं उत्तर : नको. बिझनेस कम्युनिकेशनच्या पेपरात पत्रं आणि अहवाल लिहून झाले, आता जे राहिलंय ते कानाचं काम आहे. साहेबी उच्चारांशी त्याचा फारसा संबंध नाही.

हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशमधल्या आर. के. बन्सल यांनी हेच तपासलं होतं. त्यांचा अभ्यास 1969 साली छापून आला. भारतीयांचं इंग्रजी ब्रिटिश श्रोत्यांना सरासरी 70 टक्क्यांच्या आसपास कळत होतं. उरलेलं का निसटतं, याच्या मोठ्या कारणांपैकी एक निघालं शब्दातल्या भलत्याच अक्षरावर पडणारा आघात.

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात दिवसभर कानावर पडणारे शब्दच घ्या. लॉजिस्टिक्स म्हणताना आपण ‘लॉ’ दाबतो. जोर हवा ‘जिस्’वर. इन्व्हेंटरीत आपण ‘व्हेन्’वर बसतो, हवा ‘इन्’वर. डिस्ट्रिब्यूटमध्ये तो ‘ट्रि’वर असतो, आणि डिस्ट्रिब्यूशन झालं की ‘ब्यू’वर सरकतो. शेवटी ‘शन’ किंवा ‘इक’ आलं की आघात बहुधा त्याच्या लगेच आधी येतो. पॉलिटिक्ससारखे काही बंडखोर आहेत, ते तसेच पाठ करायचे. मराठी अक्षरं यंत्रमागावरच्या धोट्यासारखी सारख्या चालीनं जातात, म्हणून ही उचल आपल्या कानाला जाणवतच नाही. शाळेत वृत्त ओळखताना लघु-गुरूच्या खुणा केल्या असतील, तशी जोराच्या अक्षरावर पेन्सिलीनं खूण करा. महिनाभर तेवढं पुरे.

पण माझ्या आवडीचा भाग पुढे आहे. शब्दातला जोर सुधारला तरी वाक्य सपाट राहू शकतं. मराठीत ‘मीच काल सांगितलं’, ‘मी कालच सांगितलं’, ‘मी काल सांगितलंच’ असा ‘च’ हलवला की अर्थ हलतो, आवाजाला विशेष कष्ट नाहीत. इंग्रजीत ‘आय टोल्ड हिम यस्टर्डे’ यातले शब्द जागचे न हलवता एकदा ‘आय’ उचलायचा, एकदा ‘यस्टर्डे’. तिसऱ्यासाठी ‘आय डिड टेल हिम’ म्हणून सगळा भार ‘डिड’वर टाकायचा. जे काम आपण प्रत्ययाकडून करून घेतो, ते तिथे गळ्याला करावं लागतं.

कामतघर-पद्मानगर भागातल्या वर्गात तर गंमतच. एका बाकावर मराठी घरातली मुलगी, शेजारी तेलुगू विणकर घरातली, मागे उर्दू बोलणारी. उर्दूवालीकडे ‘ही’ आहे, तेलुगूवालीकडे शब्दाच्या शेवटी लागणारा ‘ए’ : ‘नेने’ म्हणजे मीच. तिघींना आवाज न उचलता जोर देता येतो. म्हणून इंग्रजीत तिघी एकाच दाराशी येतात : ‘आय टोल्ड हिम यस्टर्डे ओन्ली.’ आपसात हे छान चालतं, त्याला हसणाऱ्यांचा मला राग येतो. पण परका ऐकणारा ‘ओन्ली’चा अर्थ ‘फक्त’ असा घेतो, काल सोडून आणखी कधी सांगायचं राहिलं का, या विचारात पडतो, आणि तेवढ्यात पुढचं वाक्य निघून जातं.

मग आधी काय सुधारायचं, शब्द की वाक्य? ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली एक यादी मांडली : इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नसलेली दोन माणसं बोलतात, तेव्हा कशावाचून अडतं? त्यांनी शब्दातला आघात यादीतून वगळला, वाक्यातला मुख्य जोर मात्र ठेवला. बन्सल यांच्याशी हे जुळत नाही असं वाटेल, पण दोघांचे ऐकणारेच वेगळे. गोदामाच्या नोकरीत फोनच्या दुसऱ्या टोकाला लंडनपेक्षा चेन्नई किंवा शेन्झेन असण्याची शक्यता जास्त. म्हणून माझं मत आधी वाक्याकडे झुकतं. ‘इन्व्हेंटरी’ चुकली तरी मागच्या-पुढच्या शब्दांवरून कळते. माल काल गेला की कालच गेला, ते फक्त जोरावरून कळतं.

तेव्हा ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं उत्तर पाठ करण्याआधी ते एकदा मराठीत बोलून पाहा. ‘च’, ‘तर’, ‘सुद्धा’ कुठे येतात ते टिपा, आणि इंग्रजी वाक्यात नेमक्या त्याच शब्दाखाली रेघ ओढा. सुरुवातीला एका वाक्यात एकच रेघ ठेवा. दोन आल्या तर वाक्य तोडा. रेघेच्या शब्दावर आवाज चढवा, बाकीचे शब्द भरभर जाऊ द्या. मोबाइलवर ते रेकॉर्ड करा आणि कागद न दाखवता मैत्रिणीला ऐकवा. रेघ कुठे होती, हे तिला सांगता आलं पाहिजे.